चाळीसपट झूम आणि सासूबाईंची विहीर

कॅमेरा बिघडलेला नव्हता. मध्ये माझं पोट येत होतं.

घेऊन तीनच दिवस झाले होते. लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या दुकानात मी तणतणत शिरलो, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि सगळी गिऱ्हाइकं वळून बघतील अशा आवाजात म्हणालो, "हा पीस खराब निघालाय. फोटो काढता काढता स्क्रीन काळी पडते. मला बदलून पाहिजे." दुकानदाराने शांतपणे कॅमेरा चालू केला. दुकानाचे, रस्त्याचे, माझे असे दहाबारा फोटो काढले. स्क्रीन एकदाही काळी पडली नाही.

"तुम्ही काढून दाखवा," तो म्हणाला.

मी माझ्या पद्धतीने कॅमेरा धरला. त्याची स्क्रीन वर उचलता येते, म्हणून मी तो बेंबीच्या उंचीवर धरून वरून वाकून बघतो. कसलेले फोटोग्राफर असेच धरतात, असं मी कुठंतरी पाहिलं होतं. स्क्रीन काळी.

"बघा!" मी म्हणालो.

"काका," तो माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत म्हणाला, "जरा श्वास आत घ्या."

मी घेतला. स्क्रीन उजळली. सोडला. काळी झाली.

या कॅमेऱ्याला स्क्रीनच्या वर एक छोटी खिडकी असते, डोळा लावून बघायला. डोळा जवळ आला की त्याला आपोआप कळतं, मग तो स्क्रीन बंद करतो आणि चित्र खिडकीत पाठवतो. माझं पोट म्हणजे कोणाचा तरी डोळा आहे, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. बायको माझ्याबरोबरच होती. ती हळूच बाजूला सरकली आणि भिंतीवरच्या फोटोफ्रेमा बघायला लागली, जणू आम्ही वेगवेगळे आलो होतो.

ही गोष्ट मी आतापर्यंत दोन लग्नांत, एका बारशात आणि कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितली आहे. पोट आत-बाहेर करून दाखवतो. लोक हसतात. आपली फजिती आपणच सांगून टाकली की लोक दुसरं काही विचारत नाहीत, हे मला फार आधी कळलेलं आहे. याच कॅमेऱ्याची दुसरी गोष्ट मात्र मी कुठं सांगत नाही. ती इथं लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कोणाचं तोंड नसतं.

कॅमेरा खरं तर बायकोला हवा होता. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एकही धड फोटो घरात नाही. त्यांच्यासमोर मोबाईल धरला की त्या ताठ होतात, पदर कपाळापर्यंत ओढतात आणि पासपोर्ट काढायला आल्यासारख्या बघतात. चुलीपुढं बसून भाकरी थापताना मात्र त्या फार छान दिसतात. पण तिथं उजेड कमी, धूर जास्त. मोबाईलमध्ये सगळं मातकट येतं. "मला आईचा तसा एक फोटो पाहिजे," बायको म्हणाली. "पिशवीत मावेल असा छोटा कॅमेरा बघा. फार काही नको."

फार काही नको, हे तीन शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत. पुढचे दोन महिने मी अभ्यास केला. दहावीला केला असता तर आज कुठल्या कुठे असतो. रोज जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून कॅमेऱ्यांची माहिती देणारे व्हिडिओ बघायचे, वहीत दोन रकाने पाडायचे. शेवटी दोन कॅमेरे उरले. दोन्ही खिशात मावतील एवढे. एकाचा झूम कमी, पंधरापट. पण त्याच्या आतला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, मोठा. कमी उजेडात, घरात, माणसांचे फोटो चांगले यायचे. दुसऱ्याचा सेन्सर नखाएवढा, पण झूम चाळीसपट.

दुकानदाराने सरळ सांगितलं, "घरातल्या माणसांचे काढायचे असतील तर पहिला घ्या. तसंही आता हे कॅमेरे कोण घेतंय, काका? मोबाईल आहेतच."

"चाळीसपटवाला जरा हातात द्या," मी म्हणालो.

दुकानाच्या दारात उभं राहून मी समोरच्या चिक्कीच्या दुकानावर रोखला. बटण ओढलं. नळकांडं एकातून एक बाहेर आलं आणि काउंटरमागच्या माणसाच्या बोटातली अंगठी माझ्यासमोर आली. अंगठीतला खडा पोवळ्याचा होता. संपलं. त्या पोवळ्यापुढं माझी वही, दोन रकाने, दोन महिने, सगळं वाहून गेलं.

बायको म्हणाली, "एवढ्या लांबचं कोणाला बघायचंय?"

"असू दे. उपयोगी पडतं," मी म्हणालो. कोणाच्या आणि कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

पोटाचा निकाल लागल्यावर मी जोरात कामाला लागलो. आमच्या गच्चीवरून नागफणीचा सुळका दिसतो. त्याच्या टोकावर उभा राहून कोणीतरी स्वतःचा फोटो काढत होता, त्याचा मी फोटो काढला. चंद्राचा काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "आपल्या घरून काढलाय," असं खाली लिहिलं, जसं काही चंद्र आमच्या वॉर्डातच असतो. पलीकडच्या इमारतीच्या टाकीवर झाकण नाही, हे मी शोधून काढून त्यांच्या सेक्रेटरींना कळवलं. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूचे पडदे लागले. बायको म्हणाली, "लोकांच्या घरात बघायचं बंद करा." सासूबाईंचा फोटोही मी काढायला गेलो होतो. चुलीपुढचा अंधार या कॅमेऱ्याला झेपला नाही. फोटोत भाकरीही राखेच्या रंगाची दिसत होती. "दिवसाउजेडी काढू," म्हणून मी तो विषय मिटवला.

आता विहिरीचं सांगितलं पाहिजे.

माझ्या सासऱ्यांची जमीन नवलाख उंबरे या गावी होती. औद्योगिक वसाहतीत ती गेली, ते लोक परंदवडीला राहायला आले, आणि पुढं काही वर्षांनी सासरेही गेले. त्या जमिनीवर जो कारखाना उभा राहिला, त्याच्याच स्टोअर्समध्ये मी नोकरीला आहे. यात कोणाची काही योजना नव्हती, तसंच झालं. पण सासूबाईंना त्याचा मोठा आधार वाटायचा. "आपलं मानूस हाय तितं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

त्या जमिनीत एक विहीर होती. सासऱ्यांनी आणि सासूबाईंनी मिळून खणलेली. माती त्यांनी डोक्यावरून वाहिलेली. काठाला एक उंबर, आणि उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, पाण्याच्या देवी. भात पोटरीला आलं, म्हणजे कणीस अजून पोटात आहे पण रोप फुगलंय, की त्यांची ओटी भरायची: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. शेत गेलं तरी सासूबाईंनी वेळ चुकवली नाही. दुसऱ्यांची शेतं बघायच्या आणि पोटरी दिसली की कंपनीच्या गेटावर जायच्या. सुरुवातीला आत सोडायचे. मग नियम आले. हेल्मेट पाहिजे, बूट पाहिजेत, पास पाहिजे. एका वर्षी नऊवारीतल्या, अनवाणी सासूबाईंना वॉचमनने बाहेरच थांबवलं. मी आतून आलो. पास काढून द्यायचा तर साहेबांकडे जावं लागणार, आणि सासूच्या ओटीसाठी साहेबांच्या केबिनमध्ये जायची मला लाज वाटली. तेव्हाच जरा लाज गुंडाळून आत गेलो असतो तर पुढची सगळी वाचली असती. मी मोठ्या मनाने म्हणालो, "मामी, माझ्याकडं द्या. मी भरतो."

पहिली काही वर्षं मी खरोखर भरली. बूट काढून, उंबराखाली, नीट.

मग चार वर्षांपूर्वी मालाच्या गाड्या उभ्या करायला आवार वाढवायचं ठरलं. विहीर बुजवायची होती. ज्याचं ते काम होतं तो रजेवर होता, म्हणून मला सांगितलं, "फक्त उभं राहा, लक्ष ठेवा." मी हेल्मेट घालून उभा राहिलो. जेसीबीने आधी उंबर पाडला. मग ठेकेदार माझ्याकडे आला आणि दगडांकडे बोट करून काहीतरी म्हणाला. मी फोनवर होतो. पुण्याहून यायचा माल अडकला होता. मी मान हलवली, एवढंच मला आठवतं. कशासाठी हलवली, हे मी पुढं चार वर्षं स्वतःला विचारलं नाही.

महिन्याभराने ओटी आली. मी घेतली. संध्याकाळी परतताना परंदवडीला थांबलो तर सासूबाई अंगणात वाट बघत होत्या.

"भरली?"

"भरली."

"पानी किती हाय औंदा?"

मी तेव्हा सांगू शकलो असतो. चहा यायचा होता, घाई नव्हती. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "काठोकाठ."

मला कोणी भरीला घातलं नव्हतं. 'काठोकाठ' हा शब्द माझा मीच शोधला. मी घरात गोष्टी सांगणारा माणूस म्हणून ओळखला जातो. एकदा सुरुवात झाली की मला थांबता येत नाही. पुढच्या वर्षी उंबराला नवी पालवी आली. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने विहिरीला लोखंडी कठडा बांधला, पिवळ्या रंगाचा. यंदा तर एक खंड्या पक्षी येऊन बसायला लागला होता. सासूबाई हात थांबवून ऐकायच्या. बायकोसुद्धा ऐकायची. नारळ कँटीनमध्ये जायचा, चटणीला. तांदळाचं काय व्हायचं ते लिहीत नाही. खण मात्र मला टाकवले नाहीत. ते माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चलनांच्या पुस्तकांखाली, घड्या घालून ठेवले होते. हिरवा, लाल, पुन्हा हिरवा, आणि यंदाचा जांभळा.

नवरात्रात आम्ही दरवर्षी उंबऱ्याच्या टेकडीवरच्या देवीला जातो. सासूबाई, बायको आणि मी. आता वरपर्यंत गाडी जाते, शेवटच्या तेवढ्या वीसपंचवीस पायऱ्या. पाऊस संपून आठवडा झाला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. देवळामागच्या कट्ट्यावरून खाली सगळी वसाहत दिसते. नुसत्या डोळ्यांना निळ्या पत्र्यांचे डबे एकाला एक लावून ठेवल्यासारखी. दरवर्षी सासूबाई तिकडं बघून विचारायच्या आणि मी हात लांब करून म्हणायचो, "ती तिकडं, त्या झाडीमागं." तेवढं पुरायचं.

यंदा माझ्या गळ्यात कॅमेरा होता. दर्शन झाल्यावर मी दुकान मांडलं. धरणाच्या भिंतीवर बसलेला माणूस दाखवला. तळेगावच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून दाखवली. कट्ट्यावर बसलेल्या चारपाच बायका आणि एक आजोबा जवळ आले.

"आरं तिच्या, ही तर आमची म्हस!" एक बाई म्हणाली. "सोडली कोनी हिला?"

"लय लांबचं दिसतंय की यात," आजोबा म्हणाले. "पार हिंजवडीपतुर दिसंल."

मी फुगलो होतो. "काहीही सांगा, आबा. दाखवतो."

तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "जावईबापू, मग हितनं आपली इहीर दिसंल का?"

मी तो कॅमेरा का निवडला होता? पोवळ्यासाठी. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं.

"मामी, बॅटरी जरा..." मी म्हणालो.

"सकाळीच तर भरली," बायको म्हणाली.

"आणि मध्ये शेड आहे. दिसायची नाही."

"उंच हाय न्हव आपुन?" सासूबाई म्हणाल्या. "वरनं दिसंल. बघ गं तू. त्यो विजेचा टावर हाय ना, त्याच्या अंगानं खाली उतर. मंग रस्ता वळतो बघ. त्याच्या अलीकडं."

बायकोने माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. मी मान वाकवून तो देत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती टॉवरवरून खाली उतरली, वळणावर आली, झूम ओढत गेली. मी तिच्या हाताकडे बघत होतो. एका ठिकाणी बटणावरचं बोट थांबलं. तिने थोडं उजवीकडे नेलं, थोडं डावीकडे, परत तिथंच आणलं. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं.

"घावली व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "हिकडं आन."

त्यांना आताशा जवळूनच दिसतं. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि पोथी धरावी तसा तोंडाजवळ नेला. स्क्रीन काळी झाली.

"अंधार झाला की गं यात," त्या म्हणाल्या. "बिगाडला काय?"

कट्ट्यावरच्या सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. स्क्रीन का काळी झाली, हे तिथं फक्त मलाच माहीत आहे, असं मला वाटलं. "हो, बिघडलाय," एवढं म्हणायचं होतं. चार वर्षं जे करत आलो त्याच्यापेक्षा कितीतरी सोपं होतं ते. मी तोंड उघडलंसुद्धा. पण दुकानात फ्रेमा बघत उभी राहिलेली बायकोही हे जाणत होती.

"आई," ती म्हणाली, "जरा लांब धर."

सासूबाईंनी हात लांब केले. स्क्रीन उजळली.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी कट्ट्याच्या सिमेंटमधली एक चीर बघत होतो. "हितं तर गाड्या हुब्या हायत," त्या म्हणाल्या. मग, "उंबर कुटाय?" आजोबांना काहीतरी कळलं असावं. ते उठून चपला शोधायला लागले, बायकाही हळूहळू पांगल्या.

"बुजवली व्हय?"

"हो, मामी."

"कवा?"

"चार वर्षं झाली."

त्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला. पदराने हात पुसले, जसं कॅमेऱ्याला काही लागलेलं होतं. "मंग वटी कुटं ठिवत व्हता?"

"टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. खण आहेत सगळे. नारळ..." मी पुढं बोललो नाही.

"आन ते सात दगड?"

"माहीत नाही," मी म्हणालो. विहिरीबद्दल न विचारता बोललो असतो तर त्याला सांगणं म्हटलं असतं. हे सगळं माझ्याकडून एकेक करून काढून घ्यावं लागत होतं.

उतरताना मी नेहमीसारखा हात पुढं केला. सासूबाईंनी तो बघितला, आणि दुसऱ्या बाजूचा कठडा धरला. पंचवीस पायऱ्या, त्यांचे गुडघे असे, आणि मी हात पुढं करून शेजारून उतरतोय, मोकळाच. त्यांना परंदवडीला सोडून आम्ही दोघं लोणावळ्याकडे निघालो. मी एकदा खिडकीबाहेर बघत म्हणालो, "हवा छान पडलीय." बायकोने काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मी त्या जुन्या ठेकेदाराला फोन लावला. आधी त्याला मी कोण हेच आठवेना. मग आठवलं आणि तो मनमोकळा हसला. "ते शेंदराचे दगड व्हय? ते आत गेले की साहेब, इहिरीत. आमी बाजूला काढून ठिवलं व्हतं. तुमालाच इचारलं, न्यायचंत का कुटं. तुमी फोनवर व्हता. असा हात केला, घे आत म्हून."

मान नाही. हात. तोही, 'घे आत' असा.

पुढच्या रविवारी मी एकटाच परंदवडीला गेलो. कॅमेरा नेला नाही. पिशवीत चार खण होते. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी जमिनीवर बसलो आणि ठेकेदार जे म्हणाला ते सगळं सांगितलं, हातासकट. फोनवर मालाचं बोलत होतो हेही सांगितलं. गोष्ट सांगतो तसं नाही, अडखळत, उलटसुलट. मध्ये एकदा भाकरी करपली, त्यांनी ती काढून बाजूला ठेवली.

"म्हंजी खालीच हायत त्या," त्या म्हणाल्या.

"हो. सिमेंटच्या खाली."

"सिमेटाच्या खाली पानी आसंलच की. आमी खनली तवा धा हातावर लागलं व्हतं." त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. "पान्यातच हायत मग. ऱ्हाऊ द्या."

मला रडू येईल असं वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लगेच लाज वाटली. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, अजिबात आवाज न चढवता, "पर काठोकाठ म्हनाया नगं व्हतं, जावईबापू. मी समद्यास्नी सांगत व्हते."

खण त्यांनी घेतले. हिरवा घडीवर विरला होता, त्यावरून अंगठा फिरवला. "मला येक डाव तितं न्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं भरते. मग पुन्यांदा न्या म्हननार न्हाई."

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. मी तिसऱ्या वाक्यावर होतो तेव्हा साहेबांनी समोरचा कागद घेऊन सही केली आणि म्हणाले, "अहो, एवढंच ना? दरवर्षी आणत जा. आधी का नाही सांगितलंत?" तीन मिनिटं लागली असतील. मी केबिनबाहेर येऊन त्या पासकडे बघत बराच वेळ उभा राहिलो.

पास एकाच पाहुण्याचा होता, म्हणून बायको गेटाबाहेर वॉचमनच्या खुर्चीपाशी थांबली. दसरा होऊन गेला होता. सासूबाईंना पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट दिलं, ते त्यांनी पदरावरून घातलं. पाहुण्यांचे लोखंडी टोकाचे बूट दिले, ते त्यांना दोन नंबर मोठे होते. नऊवारीखाली ते बूट ओढत त्या आवारातून निघाल्या तेव्हा गाड्यांवरचे दोन ड्रायव्हर खाली उतरले. हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी गाड्या मागं घेतल्या.

जागा मी दाखवली नाही. त्यांनीच शोधली. टॉवरकडे बघितलं, वळणाकडे बघितलं, चार पावलं मोजली आणि बरोबर तिथं थांबल्या जिथं मी हेल्मेट घालून उभा होतो. मग खाली बसल्या. सिमेंटवर हळदकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले, चारही खण एकावर एक मांडले. नारळ फोडायला दगड नव्हता, तो एका ड्रायव्हरने आणून दिला.

बायकोने सकाळी कॅमेरा माझ्या हातात ठेवला होता. मी शेडच्या भिंतीपर्यंत मागं गेलो. झूम ओढला. निळ्या पत्र्यांच्या आणि गाड्यांच्या चाकांच्या मध्ये सासूबाई दिसल्या. हेल्मेट थोडं मागं सरकलेलं, ओठ हलत असलेले, हाताला कुंकू. उजेड भरपूर होता. त्यांना फोटो काढतोय हे माहीतच नव्हतं, त्यामुळं त्या ताठ झाल्या नाहीत. आमच्या घरातला त्यांचा पहिला धड फोटो तो.

घरी आल्यावर बायकोने तो स्क्रीनवर बराच वेळ बघितला. कॅमेरा आधी जवळ, मग लांब धरून. मी शेजारी उभा होतो, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून; पोट आत घेऊन.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. "पण मी गेटातून बघत होते. तुम्ही तिच्याजवळ का नाही उभे राहिलात?"